वेदना, विद्रोह आणि शुश्रूषा : आफ्रिकन-अमेरिकन साहित्यातील कृष्णवर्णीय पुरुषाचे मानसिक स्वास्थ्य

प्रास्ताविक

दलित साहित्याच्या चर्चेत वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी मराठी समीक्षेत इतकी रूढ झाली आहे की, अन्य शोषित समूहांचे साहित्यही आपण बहुधा तिच्याच आधारे वाचतो. आफ्रिकन-अमेरिकन साहित्याच्या बाबतीत असे होणे स्वाभाविक होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ मध्ये ओकलंड येथे उदयास आलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' (१९७८) या ग्रंथाने या साहित्याचा पद्धतशीर परिचय मराठी अभ्यासकांना करून दिला. या परंपरेतून कृष्णवर्णीय पुरुष आपल्यासमोर आला तो प्रामुख्याने संतप्त बंडखोर म्हणून.

हे वाचन चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. त्या काळाची ती गरज होती. तथापि या वाचनात वेदना ही विद्रोहाची पहिली पायरी मानली गेली आणि पायरी चढून गेल्यावर ती मागे राहिली. विद्रोह न करणारा, किंवा करून खचलेला, झोप हरवलेला, आपल्याच मुलांवर संशय घेणारा, पुलावरून उडी टाकणारा पुरुषही याच साहित्यात आहे. त्याच्या वेदनेची शुश्रूषा कोणी करावयाची, हा प्रश्न त्या साहित्याने सातत्याने विचारला आहे. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन आणि टोनी मॉरिसन यांच्या निवडक कृतींच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कृष्णवर्णीय पुरुषाच्या मनोव्यथेला केवळ आजार मानले की अन्याय दिसेनासा होतो आणि केवळ निषेध मानले की माणूस दिसेनासा होतो; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नजरेत ठेवणे हे या लेखकांचे खरे सामर्थ्य आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

निदानाचा इतिहास

या साहित्याचा विचार करण्यापूर्वी कृष्णवर्णीयांच्या मनाविषयी अमेरिकेतील वैद्यकाने काय म्हटले होते, हे पाहणे आवश्यक आहे. १८४० च्या जनगणनेने उत्तरेकडील मुक्त कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. स्वातंत्र्य या लोकांना मानवत नाही, असा निष्कर्ष गुलामगिरीच्या समर्थकांनी त्यातून काढला. या आकडेवारीत काही गावांतील कृष्णवर्णीय वेड्यांची संख्या तेथील एकूण कृष्णवर्णीय लोकसंख्येहूनही जास्त होती! डॉ. एडवर्ड जार्व्हिस आणि कृष्णवर्णीय वैद्य डॉ. जेम्स मकून स्मिथ यांनी हा खोटेपणा उघड केला. तरीही जॉन कॅल्हून यांच्यासारख्या राजकारण्यांनी त्या आकड्यांचा उपयोग केलाच. १८५१ मध्ये लुइझियानातील डॉ. सॅम्युएल कार्टराइट याने मालकाकडून पळून जाण्याच्या गुलामाच्या प्रवृत्तीला 'ड्रॅपेटोमेनिया' असे रोगाचे नाव दिले. या 'रोगा'वर त्याने सुचविलेल्या उपायांत चाबकाचे फटके होते.

हा प्रकार एकोणिसाव्या शतकाबरोबर संपला नाही. १९६८ मध्ये ब्रॉमबर्ग आणि सायमन या दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी जोडलेल्या एका 'निषेध-मनोविकृती'ची मांडणी केली. जोनाथन मेट्झल यांनी 'द प्रोटेस्ट सायकोसिस' (२०१०) या ग्रंथात मिशिगनमधील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या नोंदी तपासून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. पूर्वी मुख्यतः शांत, निरुपद्रवी श्वेतवर्णीय रुग्णांशी निगडित असलेले छिन्नमनस्कतेचे निदान नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात संतप्त कृष्णवर्णीय पुरुषांना चिकटत गेले. १९७४ साली मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या एका औषधाच्या जाहिरातीत तर मूठ आवळलेला कृष्णवर्णीय पुरुषच रुग्ण म्हणून दाखविला होता. वंशभेदाला हातभार लावणाऱ्या आपल्या इतिहासाबद्दल अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर क्षमायाचना केली.

याच्या जोडीला अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील प्रयोगाचे स्मरण ठेवावे लागते. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर हा अभ्यास चालविला. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना त्यांच्या रोगाची खरी माहिती दिली गेली नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते मिळू दिले नाही. तेव्हा कृष्णवर्णीय पुरुष वैद्याकडे जात नाही याचे कारण केवळ अज्ञान किंवा ताठरपणा असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या अविश्वासाला इतिहासाचा आधार आहे.

'नेटिव्ह सन' : स्पष्टीकरणाखाली दबलेले मन

रिचर्ड राइट यांच्या 'नेटिव्ह सन' (१९४०) या कादंबरीचा नायक बिगर टॉमस हा शिकागोतील एका खोलीत आई आणि भावंडांसह राहणारा वीस वर्षांचा तरुण. कादंबरीचे तीन भाग भय, पलायन आणि नियती या नावांचे आहेत. पहिल्या भागाचे नाव संताप नसून भय आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बिगर मालकाच्या मुलीचा जीव घेतो तो तिच्या खोलीत आपण सापडू या भीतीने. मित्रांवर तो धावून जातो तेही गोऱ्याचे दुकान लुटण्याची भीती झाकण्यासाठी. राइट यांनी क्रौर्याच्या मुळाशी असलेले हे भय अत्यंत निर्दयपणे उघडे केले आहे.

मात्र तिसऱ्या भागात बिगरचा वकील मॅक्स न्यायालयात दीर्घ भाषण करतो. बिगर हा समाजव्यवस्थेचा परिणाम आहे, हा त्याचा मुद्दा. या भाषणात बिगरविषयी सर्व काही सांगितले जाते, आणि तरीही बिगर त्यात कोठेच नसतो. सामाजिक कारणमीमांसा बिनचूक असूनही ती व्यक्तीचे मन झाकून टाकू शकते, याचा हा नमुना होय. कादंबरीचा हा दोष अनेक समीक्षकांनी दाखविला आहे. पण शेवटच्या प्रसंगाकडे लक्ष दिल्यास राइट यांना या मर्यादेची जाणीव होती असे दिसते. मृत्युदंडापूर्वी बिगर स्वतःच्या शब्दांत आपल्या मनाविषयी बोलू लागतो तेव्हा त्याची बाजू मांडणारा मॅक्सच घाबरून मागे सरतो. त्याला बिगरचा खटला समजला होता. बिगर ऐकण्याची त्याची तयारी नव्हती. विद्रोहाचे प्रतीक म्हणून बिगरला वाचणारा समीक्षक नकळत मॅक्सच्या जागी उभा राहतो.

तळघरातील चिकित्सालय आणि 'इनव्हिजिबल मॅन'

बिगरला कोणीतरी ऐकावयास हवे होते, हा विचार राइट यांनी कादंबरीपुरता ठेवला नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी लाफार्ग चिकित्सालय सुरू केले, त्यात राइट यांचा पुढाकार होता. सेंट फिलिप्स या चर्चच्या इमारतीच्या तळघरात संध्याकाळच्या वेळी चालणाऱ्या या केंद्रात मनोविकारतज्ज्ञ विनामूल्य काम करीत. रुग्णाकडून २५ सेंट घेतले जात आणि ज्याला तेही जड त्याच्याकडून काहीच घेतले जात नसे. १९५८ मध्ये ते बंद झाले. या चिकित्सालयावर राइट यांनी १९४६ मध्ये लेख लिहिला, तर एलिसन यांनी १९४८ मध्ये लिहिलेला निबंध पुढे 'शॅडो अँड अ‍ॅक्ट' (१९६४) या संग्रहात आला. दक्षिणेतील खेडे सोडून महानगरात आलेल्या माणसाचे जुने आधार तुटतात आणि नवे आधार त्याला नाकारले जातात. या अधांतरी अवस्थेलाच एलिसन मनोव्यथेचे मूळ मानतात.

येथे एक आक्षेप संभवतो. मनोव्यथेला चिकित्सालयात नेले की तिचे राजकारण संपते, आणि अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या माणसाला रुग्ण ठरविले जाते, असे म्हटले जाईल. वर सांगितलेला इतिहास पाहता हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. त्याचे उत्तर या चिकित्सालयाच्याच कार्यात आहे. डेलावेअर राज्यातील शाळांमधील वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या खटल्यासाठी वर्थम यांनी तेथील मुलांची हार्लेममध्ये तपासणी केली आणि विभक्त शाळांमुळे मुलांच्या मनाला इजा होते अशी साक्ष १९५१ मध्ये न्यायालयात दिली. हा खटला पुढे १९५४ च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या ऐतिहासिक निकालात समाविष्ट झाला. शुश्रूषेतून हाती आलेले ज्ञान येथे अन्यायाविरुद्धचा पुरावा ठरले. म्हणजेच शुश्रूषा आणि संघर्ष यांत एकाचीच निवड करावी लागते हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

एलिसन यांच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीत वैद्यकाची दोन रूपे समोरासमोर येतात. 'गोल्डन डे' या गुत्त्यात जवळच्या मनोरुग्णालयातील कृष्णवर्णीय माजी सैनिक येतात. त्यांत डॉक्टर, वकील, शिक्षक असे सुशिक्षित पुरुष आहेत. त्यांपैकी एक जण निष्णात शल्यवैद्य होता. परदेशातून परतल्यावर, लोकांचे प्राण वाचविणाऱ्या या माणसाला मुखवटे घातलेल्यांनी फटके मारले. वेडा ठरलेला हाच मनुष्य निवेदकाची खरी अवस्था ओळखतो, आणि त्याच्या स्पष्टोक्तीची परिणती त्याला दूरच्या रुग्णालयात हलविण्यात होते. दुसरे रूप रंगाच्या कारखान्यातील रुग्णालयाचे. स्फोटात जखमी झालेल्या निवेदकाला तेथे यंत्रात ठेवून विजेचे झटके दिले जातात. डॉक्टरांना त्याचे दुःख समजून घ्यावयाचे नसते, त्याला निरुपद्रवी करावयाचे असते. नंतर त्याला त्याचे नाव विचारले जाते, तेव्हा ते त्याला आठवत नाही. उपचाराच्या नावाखाली ओळख पुसली जाण्याचे इतके नेमके चित्रण दुर्मीळच म्हणावे लागेल.

रुग्णालयातून अडखळत बाहेर पडलेल्या निवेदकाला सावरते ती मेरी रॅम्बो ही सामान्य स्त्री. ती त्याला खोली देते, जेवू घालते. पण तिच्याकडील आशेचे ओझे त्याला पेलत नाही आणि अखेर तो १,३६९ दिव्यांनी उजळलेल्या तळघरात एकटा राहतो. हे एकटेपण कादंबरीने अंतिम मानलेले नाही. निवेदक शेवटी बाहेर येण्याचे ठरवितो, कारण तळघरात बसून त्याने आपली कहाणी सांगून संपविली आहे. सांगणे हाच येथे बरे होण्याचा आरंभ आहे.

बाल्डविन : पित्याचे मौन, भावाचे ऐकणे

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत सखोल लेखन जेम्स बाल्डविन यांचे आहे असे वाटते. 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' (१९५५) या शीर्षकलेखात त्यांनी आपल्या पित्याविषयी लिहिले आहे. धर्मोपदेशक असलेला हा करारी पुरुष अखेरच्या काळात कुटुंबीय आपल्याला विष घालतील या संशयाने अन्न नाकारू लागला. क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत मनोरुग्णालयात जुलै १९४३ मध्ये त्याचा अंत झाला. बराच काळ घरातील कोणालाही तो आजारी आहे हे कळले नव्हते. त्याचा कडवटपणा सर्वांनी स्वभाव म्हणून स्वीकारला होता. बाल्डविन येथे पित्याला माफ करीत नाहीत आणि दोषही देत नाहीत. गोऱ्यांविषयीचा पित्याचा संशय बाहेरच्या जगात सकारण होता. तोच संशय घरात शिरल्यावर त्याने घर पोखरले. सकारण भीती आणि विकृत संशय यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे त्यांनी दाखविले आहे. 'ब्लॅक रेज' (१९६८) या ग्रंथात विल्यम ग्रिअर आणि प्राइस कॉब्स या दोन कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी पुढे हेच सूत्र मांडले : ज्या समाजात सावधपणा हा जगण्याचा भाग आहे, तेथे आजार ओळखताना तो सावधपणा आधी वजा करावा लागतो.

त्याच लेखात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात सेवा नाकारली गेल्यावर तरुण बाल्डविन परिचारिकेवर पाण्याचे भांडे भिरकावतात. आपण खून करावयास सिद्ध झालो होतो, आणि आपल्या जिवाला धोका आपल्याच अंतःकरणातील द्वेषापासून आहे, ही जाणीव त्यांना हादरवून सोडते. विद्रोहाच्या चौकटीत हा प्रसंग प्रतिकार म्हणून वाचता येईल. बाल्डविन मात्र त्याला पित्याच्या आजाराचा वारसा म्हणून वाचतात.

'सनीज ब्लूज' (१९५७) या दीर्घकथेत पुरुषी मौनाची परंपराच चित्रित झाली आहे. बीजगणित शिकविणाऱ्या निवेदकाला धाकट्या भावाच्या, सनीच्या, अटकेची बातमी वर्तमानपत्रातून समजते. सनी हेरॉइनच्या आहारी गेलेला आहे. मोठा भाऊ त्याला बराच काळ पत्रही लिहीत नाही. लिहितो ते स्वतःची चिमुकली मुलगी पोलिओने दगावल्यावर. कथेत मागे आईने सांगितलेली एक हकीकत येते : या मुलांच्या वडिलांनी आपल्या भावाला गोऱ्यांच्या मोटारीखाली चिरडताना पाहिले होते आणि त्या धक्क्यातून ते कधीच सावरले नाहीत. मुलांना मात्र त्यांनी हे आयुष्यभर सांगितले नाही. बापाने गिळलेले दुःख एका मुलात अलिप्तता होऊन उतरते आणि दुसऱ्यात व्यसन होऊन. कथेच्या शेवटी सनी पियानो वाजवितो आणि मोठा भाऊ प्रथमच त्याला ऐकतो. संगीताने सनी बरा झाला असे बाल्डविन कोठेही म्हणत नाहीत. बाहेरचे जग तसेच वाट पाहत आहे याचे भान शेवटपर्यंत राहते. ऐकले जाणे हा उपचार नव्हे, पण उपचाराची पूर्वअट आहे, एवढेच ही कथा सांगते. 'अनदर कंट्री' (१९६२) मधील वादक रूफस याला असा श्रोता वेळेवर मिळत नाही. मित्र असूनही कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणाच्या अखेरीस तो जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडी टाकतो.

'सुला' : समाजाने सामावून घेतलेले वेड

टोनी मॉरिसन यांच्या 'सुला' (१९७३) या कादंबरीतील शॅड्रॅक पहिल्या महायुद्धातून मनाने मोडून परततो. रुग्णालय त्याला पुरता बरा होण्याआधीच बाहेर काढते. मृत्यू अकस्मात येतो याच्या भयावर उपाय म्हणून तो ३ जानेवारी १९२० पासून दरवर्षी 'राष्ट्रीय आत्महत्या दिन' पाळू लागतो : वर्षातील एक दिवस मृत्यूला दिला की उरलेले दिवस सुरक्षित. वस्तीतील लोक आरंभी बिचकतात, मग हळूहळू हा दिवस त्यांच्या बोलण्यात आणि कालगणनेत मिसळून जातो. कोणी त्याला हाकलून देत नाही. वेडाला माणसांत जागा देणारी ही सहिष्णुता मोलाची आहे.

परंतु मॉरिसन येथेच थांबत नाहीत. १९४१ मध्ये हेच लोक हर्षोन्मादात शॅड्रॅकच्या मागे निघतात, ज्याच्या बांधकामावर त्यांना काम नाकारले गेले होते त्या बोगद्यात शिरतात आणि कित्येक जण तेथे प्राण गमावतात. सामावून घेणे म्हणजे शुश्रूषा नव्हे. वीस वर्षे शॅड्रॅकला सर्वांनी सहन केले, पण त्याला काय झाले आहे हे कोणी विचारले नाही. समूहाच्या आधाराचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेने मॉरिसन यांचा हा इशारा दृष्टीआड करू नये.

पुरुषत्व आणि मौन

या सर्व कृतींत मौन हा समान धागा आहे. बेल हुक्स यांनी 'वी रिअल कूल' (२००४) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे पितृसत्तेने सांगितलेले कणखर पुरुषत्व कृष्णवर्णीय पुरुषाला सत्ता देत नाही, भावना व्यक्त करण्याचा हक्क मात्र हिरावून घेते. शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेली 'जॉन हेन्रीवाद' ही संकल्पनाही येथे उपयुक्त ठरते. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकणारा आणि जिंकताच कोसळून मरणारा जॉन हेन्री हा लोकगीतांतील नायक. साधने अपुरी असताना केवळ कष्टांच्या बळावर परिस्थितीवर मात करू पाहणाऱ्या माणसाला त्याची किंमत उच्च रक्तदाबासारख्या विकारांच्या रूपाने मोजावी लागते, असे जेम्स यांचे प्रतिपादन आहे. ज्या चिवटपणाचे आपण कौतुक करतो तोच शरीराला झिजवितो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये पुरुषांच्या आत्महत्यांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे, आणि मानसोपचार घेण्याचे कृष्णवर्णीयांतील प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा कमी आहे. अशा पार्श्वभूमीवर किएस लेमन यांचे 'हेवी' (२०१८) हे आत्मकथन महत्त्वाचे वाटते. मिसिसिपीत वाढलेल्या या लेखकाने आपल्या आईला उद्देशून शरीराचे वजन, उपासमार, जुगार आणि घरातील मारहाण यांविषयी लिहिले आहे. सनीच्या वडिलांनी जे सांगितले नाही ते येथे मुलगा सांगतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कृष्णवर्णीय पुरुषाच्या मनोव्यथेचा वैद्यकीय इतिहास हा बव्हंशी चुकीच्या निदानाचा इतिहास आहे. उपचारांविषयीचा अविश्वास समजून घेताना तो विसरता येत नाही.

२. 'नेटिव्ह सन'मध्ये सामाजिक स्पष्टीकरण नायकाच्या मनावर मात करते. 'इनव्हिजिबल मॅन' आणि बाल्डविन यांचे लेखन ही मर्यादा ओलांडून सांगणे व ऐकणे यांना केंद्रस्थानी आणते.

३. 'सुला' ही कादंबरी समूहाची सहिष्णुता आणि शुश्रूषा यांतील अंतर दाखवून देते.

४. लाफार्ग चिकित्सालयाचा अनुभव पाहता शुश्रूषेमुळे विद्रोह क्षीण होतो ही भीती निराधार ठरते.

या साहित्यकृती आपल्या पदव्युत्तर वर्गांत आज शिकविल्या जातात. बिगर कोणत्या व्यवस्थेचे अपत्य आहे, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर उत्तम लिहितात. बिगरला झोप लागत होती काय, सनीला पत्र लिहावयास इतका उशीर का झाला, शॅड्रॅकला कोणी काही विचारले का नाही, हे प्रश्नही वर्गात यावयास हवेत. वर्गात बसलेल्या तरुणांपैकी एखादा स्वतः असेच काही गिळून बसलेला असू शकतो. वेदनेला विद्रोहाची पायरी न समजता तिच्याजवळ काही काळ थांबणारी समीक्षा त्याच्याही उपयोगी पडेल.